मागच्या सीटवरच्या बायका

तिनं मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नमस्कार केला नाही, की नाव विचारलं नाही. ती सरळ पुढं आली, माझ्या स्कूटरची किल्ली काढली आणि कमरेच्या पिशवीत टाकून दिली.

आमखास मैदानावर सकाळची वेळ होती. मी बायकांना स्कूटर चालवायला शिकवते. त्या दिवशी माझ्याकडं शहागंजातल्या दोन बहिणी होत्या. बुरख्याचा घेर चाकात जाऊ नये म्हणून तो मांडीखाली कसा दाबून बसायचं, हे त्यांना नुकतंच जमायला लागलं होतं. गुलमंडीवर कापडाचं दुकान असलेल्या एक काकू होत्या, त्यांना ब्रेक सोडून हॅन्डलवरचं बाकी सगळं सापडायचं. मी स्कूटरवर बसून वळण कसं घ्यायचं ते दाखवत होते, तेवढ्यात ही बाई आली. काष्टा मारलेलं नऊवारी लुगडं, कपाळावर गोंदण, उन्हानं रापलेला चेहरा. तिच्या मागं खाली मान घालून उभा असलेला तिशीतला एक माणूस.

"किल्ली द्या," मी म्हणाले.

"नाय देत. माझ्या लेकीची किडनी घिऊन तू ह्याच्यावर फिरतीस?"

थोरल्या बहिणीच्या तोंडून "या अल्ला" निघालं. काकूंनी हॅन्डल सोडून दिलं आणि शिकाऊ गाडी आडवी झाली.

अशा वेळी माणसाचे डोळे भरून यायला पाहिजेत, असं नंतर मला बऱ्याच जणांनी ऐकवलं. माझे आले नाहीत. मला राग आला. आपल्या गाडीची किल्ली कुणी न विचारता काढून घेतली की कुणालाही येईल, तसाच आला. ज्या माउलीच्या पायावर डोकं ठेवायला मी रात्रंदिवस तडफडत असेन असं लोकांना वाटत होतं, ती समोर उभी होती, आणि मी तिला म्हणत होते, "मावशी, ही गाडी म्हणजे माझं पोट आहे."

"पोटात माझी लेक हाय," ती म्हणाली.

"लेक नाही. तिची एक किडनी आहे. आणि ती आता माझी आहे."

हे बोलले ते खरंच बोलले. आज सारवासारव करत नाही. मला तेव्हा तेच म्हणायचं होतं.

माझी स्वतःची दोन्ही मूत्रपिंडं चाळिशीच्या आधीच बंद पडली. सुजलेले पाय आणि तोंडाची गेलेली चव घेऊन मी सुरुवातीला पित्ताच्या गोळ्या खात होते. मग डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातले ठराविक दिवस मी त्या मशीनला बांधलेली असायचे आणि उरलेले दिवस त्याच्या थकव्याला. नवऱ्यानं थोडे दिवस सोबत केली. मग आईला बरं नाही म्हणून तो गावाकडं गेला, तो आजतागायत तिची सेवाच करतो आहे. आईची तब्येत ठणठणीत आहे असं ऐकते. मी भावाच्या घरी राहायला आले. भावाचा रक्तगट जुळला नाही, वहिनीला मी विचारलं नाही, आणि नाव नोंदवून कुणाच्या तरी मरणाची वाट बघत बसले. हे असं कुणी उघड बोलत नाही. प्रतीक्षायादी म्हणतात. पण सणासुदीच्या दिवसांत रस्त्यावर गर्दी वाढली की आपला फोन वाजण्याची शक्यता वाढते, हे त्या यादीतल्या प्रत्येकाला कळतं, आणि कळतं याची लाजही वाटते.

फोन आला. ऑपरेशन झालं. नवी किडनी पाठीत बसवत नाहीत, ओटीपोटात पुढच्या बाजूला बसवतात, हेही मला तेव्हाच कळलं. आणि मी बरी झाले तसे आमच्या गल्लीतले सगळे डॉक्टर झाले. हे खाऊ नको, तिकडं जाऊ नको, गर्दीत शिरू नको, वजन उचलू नको. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी काटेकोर पाळते. औषधांच्या वेळा चुकवत नाही, पाणी भरपूर पिते, मास्क लावते, उघड्यावरचं खात नाही. पण डॉक्टरांनी पुढं गाडी चालवायची परवानगी दिली, तेव्हा गल्लीनं ती नाकारली. वहिनी म्हणाली, आता काय हौस मारायची राहिलीय का, घरी बसून लोणची-पापड कर. मी म्हणाले, जे लोणचं मला खायला बंदी आहे ते मी घालत बसू? ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी भावाचं घर सोडून मैदानाजवळ खोली घेतली.

त्याच सुमारास एका वार्ताहरानं माझ्यावर लिहिलं. किडनी बदलली तरी बायकांना गाडी शिकवते म्हणून माझा स्कूटरवरचा फोटो छापला. किडनी कुणाची, हे दवाखाना सांगत नाही. कायदाच तसा आहे, आणि मी कधी विचारलंही नव्हतं. पण ज्या दिवशी माझं ऑपरेशन झालं, त्याच दिवशी फर्दापूरकडच्या एका धनगर कुटुंबानं मुलीचे अवयव दिले, ही बातमी सगळ्या पेपरांत छापून आली होती. वार्ताहरानं दोन बातम्या जोडल्या. बाईंच्या शरीरात अजिंठ्याच्या पायथ्याची एक लेक जगते आहे, असं त्यानं लिहिलं. ते वाक्य मला मुळीच आवडलं नव्हतं. मी जगत होते, दुसरं कुणी नाही. पण ते तिकडं मेंढरांच्या तळावर कुणीतरी त्या बाईला वाचून दाखवलं, फोटोही दाखवला. त्या फोटोत तिला मी दिसलेच नाही. तिला फक्त गाडी दिसली.

कारण तिची लेक दुचाकीवरून पडून गेली होती.

हे मैदानावर मला तिच्या मुलानं सांगितलं, तो मागं उभा होता त्यानं. काकूंनी चहा मागवला म्हणून सगळे झाडाखाली बसलो होतो. लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं ताई, बहीण मागं बसली व्हती, ब्रेकरवर पडली, डोक्याला लागलं, एवढंच तो बोलला. गाडी कोण चालवत होतं ते बोलला नाही. आईनं चहाला हात लावला नाही. ती माझ्याकडं एकटक बघत होती, आणि मग तिनं पहिला साधा प्रश्न विचारला.

"पाणी किती पितीस?"

मी सांगितलं.

"बरं हाय," असं म्हणून तिनं किल्ली मुलाच्या हातात दिली आणि मुलानं माझ्या.

त्यानंतर तिचे फोन सुरू झाले. नंबर मुलाचा, आवाज तिचा. पाणी पिलीस का. गोळी घेतलीस का. अन् गाडी? मी पहिल्या दोन प्रश्नांना नीट उत्तर द्यायचे आणि तिसऱ्याला म्हणायचे, "आज चार बायका शिकवल्या." मग पलीकडून मेंढरांचा आवाज. मग फोन बंद.

खोटं बोलले असते तर सगळं सोपं झालं असतं. सोडली गाडी, मावशी, असं म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण मी भावाशी, वहिनीशी, अख्ख्या गल्लीशी ज्या गोष्टीसाठी भांडले, ती लपवून ठेवायची म्हणजे मग भांडले कशाला?

ती शहरात यायचीही. येताना बाजरीच्या भाकरी, ठेचा, एकदा तर किटलीत धारेचं दूध. न तापवलेलं दूध मला चालत नाही, जंतुसंसर्गाची भीती असते. मी तापवायला ठेवलं तर तिला अपमान वाटला. "आमच्या घरात समदी ह्याच्यावर वाढली," ती म्हणाली. मी म्हणाले, "तुमच्या घरातल्यांनी प्रतिकारशक्ती मारायच्या गोळ्या नाही खाल्ल्या." तिला ते कळलं नाही, पण उकळलेलं दूध मी पिईपर्यंत ती समोरून हलली नाही.

एकदा मी चिडून विचारलं, "मावशी, दिलेली वस्तू परत परत बघायला येतं का कुणी?"

ती शांतपणे म्हणाली, "वाट्यानं दिलेली मेंढी बघायला जावंच लागतं."

मग तिनं मला समजावलं. धनगराकडं जास्त मेंढ्या झाल्या की तो एखादी दुसऱ्याला सांभाळायला देतो. चारा-पाणी सांभाळणाऱ्याचं, होणारी कोकरं निम्मी-निम्मी. मेंढी त्याच्या दारात राहते पण मूळ मालक अधूनमधून चक्कर मारतो, तिचं अंग चाचपून बघतो, खायला घालतो की नाही विचारतो. त्यात सांभाळणाऱ्याला राग येत नाही. तसा रिवाजच आहे. मी म्हणाले, "म्हणजे मी गोठा?" ती म्हणाली, "गोठा असतीस तर बोलली नसती. गोठ्याला कोण इचारतं." आणि तोंडावर पदर धरून हसली. ती हसली ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढचे दोन दात नव्हते. मलाही हसू आलं, आणि माझा राग कुठं ठेवला होता ते थोडा वेळ सापडेना.

त्या काळात ती मला आवडायला लागली होती, हे सरळच सांगते. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. दुपारी मावशी माझ्या खोलीत भिंतीला टेकून झोपायची, घोरायची, आणि मी गोळ्यांची डबी भरत बसायचे. पण ते फार दिवस चाललं नाही. दिवाळीनंतर त्यांची मेंढरं घेऊन भटकायला निघायची वेळ झाली. जायच्या आधी ती आली, आणि दारातच म्हणाली, "एक सांगते, आईक. ह्या गाडीवर तू हायस तवर माझ्या डोळ्याला डोळा लागत नाय. एक पोरगी मातीत घातली. तिचं उरलं ते तुझ्याजवळ हाय. गाडी सोड. सोडलीस तर म्या तुझी माय हाय. नाय तर पुन्यांदा फोन करू नको."

मी म्हणाले, "नाही सोडणार."

"बघ."

"बघितलं. नाही सोडणार."

ती गेली. मी दार लावलं आणि त्या दिवशी मात्र रडले, रागानं रडले. मला गाडी हवी होती आणि ती बाईही हवी होती. एक घ्यायची तर दुसरी टाकावी लागणार, असं तिनं ठरवून टाकलं होतं. नवऱ्यानं ठरवलं, वहिनीनं ठरवलं, आता हिनं ठरवलं. मेलेल्या मुलीची किडनी मिळाली म्हणून मी तिचं स्मारक होऊन हार घालून घेत भिंतीवर बसायचं का? मशीनला बांधून पडले होते तेव्हा मी देवाकडं काय मागत होते? उठून चालता यावं, एवढंच. ते मिळाल्यावर पुन्हा बसून राहायचं तर ते मागितलंच कशाला?

हिवाळा तसाच गेला. फोन वाजला नाही. मीही केला नाही. आमच्यातली कोण जास्त हट्टी, हे काही कळेना.

मग एका सकाळी तिचा मुलगा मैदानावर आला. सोबत त्याची बायको, कोवळी पोरगी, गोल पातळ नेसलेली, डोक्यावर पदर. "हिला शिकवा ताई," तो म्हणाला. "आईला सांगू नका."

मी विचारलं, "तुम्ही का नाही शिकवत?"

तो म्हणाला, "म्या गाडी चालवत नाय. तवापासून."

बायको माझ्या मदतीला असलेल्या एका मुलीबरोबर गाडी ढकलायला शिकत होती, आणि तो माझ्याशेजारी उकिडवा बसून बोलायला लागला. माझ्याकडं बघत नव्हता. बहिणीला सासरहून माहेरी आणायला तोच गेला होता. गाडी त्याचीच होती. बहीण एका बाजूला पाय सोडून बसली होती, सहावारी साडी असल्यावर दुसरं कसं बसणार. एका हातात पिशवी होती. दुसऱ्या हातानं तिनं मागची कडी धरली होती.

"अन् मंग पार आला ताई," तो म्हणाला. गावातली म्हातारी माणसं वडाच्या पारावर बसलेली होती. त्यात सासराही होता. वाऱ्यानं तिचा पदर उडाला. सुनेनं पारासमोरून उघड्या डोक्यानं जायचं नसतं. तिनं कडी सोडली आणि पदर धरला. पुढं ब्रेकर होता.

"मागं बसलेलं माणूस कवा पडलं ते चालवणाऱ्याला कळत बी नाय ताई. म्या बोलत व्हतो तिच्याशी. शाळा आली, हापसा आला, म्या बोलतच व्हतो. माणसं वरडत पळत आली तवा थांबलो."

मैदानात त्याची बायको पहिल्यांदा एकटी चार हात पुढं गेली आणि घाबरून ओरडली. तो दचकून उभा राहिला.

"आईला माहितीय हे?" मी विचारलं.

"पाराचं?" तो म्हणाला. "तिला समदं म्हाईत हाय. पण ती गाडीचंच बोलती. पाराचं कुणीच बोलत नाय."

मला वाटतं, त्या क्षणी माझ्यात जो राग चढला तो आजही पुरता उतरलेला नाही. इतके दिवस मी त्या बाईच्या तोंडून गाडीला शिव्या ऐकत होते. गाडीनं काय केलं होतं? गाडी बिचारी ब्रेकरवरून गेली, सगळ्याच जातात. मी रोज बायकांना पहिल्या दिवशी पहिली गोष्ट सांगते, चालवणारीनं हॅन्डल सोडायचं नाही आणि मागच्या बाईनं पकड सोडायची नाही. ओढणी गळ्यात गाठ मारून, पदर कमरेला खोचून, बुरखा मांडीखाली दाबून. माझ्या या धड्याला बायका हसतात, कारण त्यांना क्लच, गिअर असलं काहीतरी मोठं ऐकायचं असतं.

मेंढरं कुठं आहेत विचारलं तर तो ओशाळून म्हणाला, बहिणीच्या सासरच्या त्याच गावापल्याड. तिथला एक शेतकरी दरसाल शेत रिकामं झालं की मेंढरं बसवून घेतो, लेंड्यांचं खत होतं, त्याबदल्यात धान्य देतो. सोयरीक तुटली तरी हा व्यवहार मोडता येत नव्हता. जावयानं दुसरं लग्न केलं होतं.

तिथवर गाडीनं जाऊ का, असं मी डॉक्टरांना विचारलं. मध्ये थांबत जा, पाणी प्या, उन्हात फार राहू नका, असं सांगून त्यांनी होकार दिला. मी स्कूटर घेऊन निघाले. भावाला कळवलं तेव्हा मी सिल्लोडच्या पुढं होते, म्हणजे ओरडून उपयोग नव्हता. अजिंठ्याचा घाट सावकाश उतरले. फर्दापूरला झाडाखाली बसून घरचा डबा खाल्ला, गोळी घेतली, मास्क बदलला, आणि आत वळले.

तळावर ती एकटी होती. एका कोकराला मांडीत दाबून त्याच्या खुरातला काटा काढत होती. मला बघून उठली नाही.

"एकटी आलीस? एवढ्या लांबून? ह्याच्यावर?"

"हो."

"पाणी पिलीस?"

"प्याले."

"मंग काहून आलीस? गाडी तर सोडली नायस."

मी वाटेत किती शहाणी, समजूतदार वाक्यं जुळवली होती. एकही आठवलं नाही. मी म्हणाले, "मावशी, तुमची लेक गाडीनं गेली नाही. मागं बसल्यावर धरायला हात लागतो. तो तिनं पदराला दिला."

तिनं मान वर केली नाही. काटा निघाला. तिनं तो बोटावर धरून बघितला, फेकून दिला, कोकराच्या पायाला हळद लावली. कोकरू उड्या मारत पळालं. मग ती बोलायला लागली, मला नाही, समोरच्या जमिनीला.

"म्याच शिकवलं व्हतं तिला. लगीन ठरलं तवा. आमची पोर रानात वाढलेली, मेंढरांमागं मोकळी फिरायची. म्हन्लं, सासरला नाव ठिवतील. म्हन्लं, जीव गेला तरी पारापुढं डोक्यावरला पदर ढळू द्यायचा नाय." तिनं हळदीची बोटं लुगड्याला पुसली. "जीव गेला तरी, असंच म्हन्लं व्हतं म्या."

मी माझी पाण्याची बाटली तिच्यापुढं केली, ती तिनं हातानं बाजूला सारली.

"दवाखान्यात डागदर म्हनला, मेंदू मेला. म्या म्हन्लं, काळीज चालू हाय अन् मेली कसं म्हणता? हात गरम व्हता तिचा. सही केली तिच्या नवऱ्यानं, म्या अंगठा दिला. म्हन्लं, हिचं काय उरलं तर उरू द्या." तिनं पदरानं नाक पुसलं. "गाडीला शिव्या देता येत्यात बाई. मला कुणीच देत नाय. पोरगा बी देत नाय."

मी तिच्याशेजारी मातीत बसले, थोडं अंतर ठेवून, कारण मेंढरांच्या अगदी जवळ बसणं मला बरं नाही. ती ते विसरली नव्हती. तिनंच उठून माझ्यासाठी घोंगडी झटकून लांब सावलीत टाकली. मी तिला 'तुमचा काही दोष नाही' असं म्हणाले नाही. ते खोटं झालं असतं, आणि तिला लगेच कळलं असतं. आणि सगळा दोष तिचाही नव्हता. तिला तिच्या आईनं तेच शिकवलं असणार. पारावर बसणाऱ्यांना तर काही शिकावंच लागत नाही, फक्त बसावं लागतं.

ऊन कललं तसं तिला दळण आणायला फर्दापूरला जायचं होतं. मुलगा मेंढरं वळवून आला, तशी ती निघायला लागली, पायी, नाल्यानं वळसा घालून. गावातून रस्ता सरळ आणि जवळचा होता, पण लेक गेल्यापासून ती गावातून एकदाही गेली नव्हती.

"मी सोडते," मी म्हणाले. "गावातून."

ती स्कूटरकडं बघत राहिली. नाही म्हणेल असं वाटलं. मी गाडीला टांगलेलं दुसरं हेल्मेट काढलं. मागच्या माणसाला हेल्मेट दिल्याशिवाय मी कुणालाही बसवत नाही, मग ती कुणीही असो.

"हे डोक्यावर घालायचं?"

"हो."

"मंग पदर कुठं घिऊ?"

"कमरेला खोचा."

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी तिला भर चौकात नाचायला सांगत होते. मग पदर ओढून घेतला, कमरेला गच्च खोचला आणि हेल्मेट घातलं. पट्टा मी लावून दिला. नऊवारीचा काष्टा होता, त्यामुळं दोन्हीकडं पाय टाकून ती सहज बसली. जन्मभर डोंगर चढलेली बाई, तोल पक्का होता. दळणाची पिशवी मी माझ्या पायाशी ठेवली. "दोन्ही हातांनी धरा," मी म्हणाले, आणि तिनं मला मागून धरलं.

गावात शिरलो. हापसा आला, शाळा आली. पार दिसायला लागला तसं मला माझ्या पाठीवर तिचं हेल्मेट टेकलेलं जाणवलं. ती बघत नव्हती. पारावर सात-आठ जण होते. आम्ही जवळ आलो तसं बोलणं थांबलं. हेल्मेट घातलेली नऊवारीतली बाई त्या गावानं पाहिली नसावी. मग कुणीतरी तिला ओळखलं आणि एक पांढऱ्या मिशांचा माणूस अर्धवट उठला.

"थांबव," ती मागून म्हणाली.

मी ब्रेकरच्या अलीकडं गाडी थांबवली. मला वाटलं, आता ती उतरणार, पदर सोडणार, डोक्यावर घेणार आणि खाली मान घालून चालत जाणार. व्याह्यापुढं गाडीवर बसून जायचं नसतं, एवढं मलाही कळत होतं.

"विहीणबाई," तो माणूस म्हणाला. त्याचा आवाज नरम होता. "लई दिसांनी. उतरा, च्या घ्या."

"उतरत नाय," ती म्हणाली.

पाराशेजारच्या घराच्या दारात एक तरुण सून उभी होती, पदराचं टोक दातात धरून. तीही बघत होती.

"माझ्या लेकीला तुमच्या गावासाठी पदर शिकवून धाडलं व्हतं," मावशी म्हणाली, आणि आवाज अजिबात चढला नाही. "ते माझं चुकलं. तुमच्या घरात आता दुसरी पोर आलीय, कुणाची तरी. तिला सांगा, गाडीवर बसलं की दोन्ही हातांनी धरायचं. तुमी सांगितलं तरच ती आईकल. पदर पडला तर पडू द्यायचा."

अर्धवट उठलेला म्हातारा खाली बसला. दारातल्या पोरीनं दातातला पदर सोडला होता, तो तिच्या खांद्यावर आला होता आणि ती तो परत वर घ्यायला विसरली होती.

"चल," ती मला म्हणाली. "अन् लई जोरात नको."

ब्रेकरवरून मी गाडी सावकाश घेतली. तिनं मला दोन्ही हातांनी इतकं आवळून धरलं होतं की श्वास घ्यायला जड जात होतं, आणि फर्दापूर येईपर्यंत मी तिला हात सैल करा म्हणाले नाही.